उजवीकडून वाचायचं पुस्तक

"उजवीकडून," मी म्हटलं.

समोरच्याला ऐकू गेलं नाही. त्याच्या डोक्यावर थर्माकोलचं शिरस्त्राण होतं, त्याला चंदेरी रंग फासला होता आणि कानांच्या जागी दोन शिंगं होती. वय तिशीच्या पुढचं असावं. शिंगांखालून पिकायला लागलेली दाढी दिसत होती. त्याने हातमोजा न काढताच पुस्तक उचललं आणि डावीकडून उघडलं.

"अहो, उजवीकडून उघडायचं ते. तुम्हाला शेवटचं पान वाटतंय ना, ते पहिलं आहे. आणि पानावरची चित्रंसुद्धा उजवीकडून डावीकडे बघत जायची."

"का?" शिरस्त्राणातून आवाज आला.

"नदीमुळे."

नदीचा आणि स्वतःचा काय संबंध असू शकतो याचा शिंगवाल्याने बहुधा प्रामाणिकपणे विचार केला. मग पुस्तक खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, फोन चार्ज करायला पॉइंट आहे का तुमच्याकडे?"

पॉइंट नव्हता. तो तलवार सांभाळत पुढे गेला.

पुण्याबाहेर हायवेला लागून एक भलंमोठं प्रदर्शन-सभागृह आहे. तिथे नऊ वर्षांपूर्वी दोन दिवसांचं कॉमिक कन्व्हेन्शन भरलं होतं, म्हणजे कॉमिकवाल्यांची जत्रा, लोक त्यातल्या पात्रांची सोंगं घेऊन येतात. त्यातली ही गोष्ट. चित्रकारांसाठी एक वेगळी गल्ली ठेवली होती. गल्ली म्हणजे प्रत्येकाला शाळेतल्या बाकाएवढं टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मनगटात बांधायला दोन कागदी पट्टे. एक पट्टा माझ्या नवऱ्याच्या हातात, एक माझ्या. आठ महिन्यांच्या शाल्मलीला पट्टा लागत नाही, असं गेटवरच्या माणसाने मोठ्या मनाने सांगितलं होतं. ती माझ्या छातीशी झोळीत बांधलेली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या राक्षसांकडे अजिबात न घाबरता बघत होती. घाबरायचं काम मी करत होते. इतक्या गर्दीत कोण शिंकतंय, कोण खोकतंय, कोणाच्या पंखाचं टोक तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येतंय, सगळं.

टेबलावर एकच पुस्तक होतं. सौमित्रचं. 'खाडीपासून वर'.

सौमित्रने जाहिरात कंपनीतली नोकरी सोडून दोन वर्षं हे एक पुस्तक काढलं होतं. गोष्ट अशी, की एका मुलीचा आजोबा होडीवाला असतो. तो मरतो, आणि ही मुलगी खाडीच्या तोंडापासून नदीच्या काठाकाठाने वर चालत जाते, पार उगमापर्यंत. कारण आजोबाने आयुष्यभर त्या पाण्यावर होडी चालवली, पण ते येतं कुठून ते कधी पाहिलं नाही. आता मुलगी प्रवाहाच्या उलट चालते, म्हणून सौमित्रने ठरवलं की पुस्तकही उलटं वाचायचं. जपानी पुस्तकं असतात तसं. उजवीकडून.

बरं, तेवढ्यावर भागलं नाही. नदीला पुढची-मागची बाजू नसते, म्हणून पुस्तकालाही नको. दोन्ही कव्हरांवर मिळून एकच चित्र, हिरवं पाणी. नाव फक्त कण्यावर, मुंगीच्या अक्षरात. म्हणजे पुस्तक हातात घेतल्यावर ते सुलटं धरलंय की उलटं हे कळण्याची कुठलीही सोय महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला ठेवलेली नव्हती.

त्याचे आर्ट कॉलेजचे मित्र आमच्या घरी बसून, माझ्या हातचा चहा पीत म्हणाले होते, "काय विचार आहे, सौम्या!" चौघांपैकी एकानेही पुस्तक विकत घेतलं नाही. चौघांनाही भेट मिळालं. एकाने ते माझ्यासमोर डावीकडून उघडलं.

मी पुठ्ठ्यावर लाल बाण काढून पाटी केली होती. 'इथून सुरुवात.' शनिवारी सकाळी टेबलावर ठेवली, तर सौमित्रने ती उचलून पिशवीत घातली.

"वाचकाला बोट धरून चालवायचं नसतं, मंजू."

"मग त्याला कळणार कसं?"

"तू सांग ना. माणसाने सांगितलेलं वेगळं असतं."

झालं. तेव्हापासून मीच पाटी होते. तो चित्रं काढून दाखवायचा, मान खाली घालून, कोणाकडे न बघता. आणि मी म्हणायचे, उजवीकडून. पंख लावलेल्या मुलींना म्हणायचे, उजवीकडून. पांढरे केस लावलेल्या पोरांना म्हणायचे, उजवीकडून. "अरे वा, मराठी!" असं ओरडून पुस्तकाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेणाऱ्या आणि पुस्तक पुन्हा जागेवर ठेवणाऱ्या आईबापांना म्हणायचे. एक गृहस्थ आले, त्यांनी मला दहा मिनिटं मराठी कशी टिकली पाहिजे ते सांगितलं, पुस्तकाला हातही लावला नाही आणि शेजारच्या टेबलावरून मांजराची चार स्टिकरं घेऊन गेले. त्या मांजरांच्या तोंडी इंग्रजी होतं.

शेजारचं टेबल शर्वरीचं. बावीसएक वर्षांची, निळा विग, नाकात चमकी, मूळची साताऱ्याची. तिच्याकडे मांजरांची स्टिकरं, मांजरांच्या की-चेन, मांजरांचे मॅग्नेट. तिच्यासमोर रांग हटत नव्हती. मला आधी तिचा रागच आला होता. पण शनिवारी दुपारी मला शाल्मलीला पाजायचं होतं, तर तिने न विचारता आपल्या टेबलाचा कापडी पडदा काढून माझ्या खुर्चीभोवती धरला आणि पंधरा मिनिटं तशीच उभी राहिली. गिऱ्हाइकांना म्हणत होती, "थांबा हो, मांजरं कुठे पळून जात नाहीत."

तेव्हा मी तिला पुस्तक चाळायला दिलं. कुठून सुरू करायचं ते सांगून.

आता खरं काय पणाला लागलं होतं ते सांगते.

सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या पुढे एक निवासी शाळा होती. तिथे चित्रकलेच्या शिक्षकाची जागा सौमित्रला मिळत होती. राहायला क्वार्टर, चारला शाळा सुटते, घर शाळेच्या आवारात. त्यांना सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. आणि रविवारी चार वाजता मुंबईच्या एका जुन्या प्रकाशन संस्थेच्या संपादक दमयंती कारखानीस आमच्या टेबलावर येणार होत्या. त्या संस्थेने चित्रकथा कधी छापल्या नव्हत्या, आता सुरू करायचं त्यांच्या मनात होतं. सौमित्रने तीन पत्रं पाठवली होती, तिसऱ्याला उत्तर आलं. प्रत आधी पाठवू का, म्हणून त्याने विचारलं, तर म्हणाल्या, नको, तिथेच बघते.

"त्या हो म्हणाल्या तर आपण इथेच राहू," सौमित्र म्हणाला होता. "मी दुसरा भाग सुरू करतो. नाही म्हणाल्या तर सोमवारी शाळेला होकार. हा विषय परत काढणार नाही. शाल्मूची शपथ."

"तिची शपथ कशाला घालतोस?"

"बरं, माझी."

मला काय हवंय ते त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आमच्याकडे मतं त्याला असायची आणि मला काळज्या.

जुलैमध्ये शाल्मलीला ताप आला आणि भर दुपारी तिला झटका आला. डोळे पांढरे झाले, अंग ताठ झालं, ओठ निळे पडले. सौमित्र छापखान्यात होता. फोन पिशवीत, पिशवी कुठेतरी मशीनखाली. मी अकरा वेळा फोन केला. मग तिला उचलून चार जिने अनवाणी खाली धावले आणि रस्त्यावरच्या एका अनोळखी बाईच्या स्कूटरवर मागे बसून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, तापातला झटका आहे, लहान मुलांना येतो, घाबरू नका. डॉक्टरांना सगळंच सामान्य असतं. संध्याकाळी सौमित्र आला तो हातात छापील कागद घेऊन. म्हणाला, "मंजू, बघ, अखेर हिरवा रंग बरोबर आला!" मग त्याने माझे पाय बघितले. रक्त लागलं होतं.

त्याने खूप विचारलं. मी सांगितलं तेही थोडक्यात. रडले नाही. पण तेव्हापासून ते हिरवं पाणी माझ्या नजरेतून उतरलं.

तरीही, हे लक्षात घ्या, की दोन दिवस मी प्रत्येकाला इमानेइतबारे सांगत होते. उजवीकडून, उजवीकडून. घसा बसला होता माझा.

रविवारी अडीचच्या सुमाराला शाल्मली किरकिर करायला लागली. नाचणीचं सत्त्व बरोबर होतं, पण थर्मासमधलं पाणी गार झालं होतं.

"जरा गरम पाणी घेऊन ये ना," मी म्हटलं.

सौमित्र मनगटावरचं घड्याळ बघायला लागला. सकाळपासून तो दर पाच मिनिटांनी बघत होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाहीवर शाईचा डाग लागला म्हणून बाही दुमडली होती.

"त्या आल्या तर?"

"चारला येणार आहेत. आत्ता अडीच वाजलेत. संपादक लोक लवकर येतात असं कधी ऐकलंयस?"

"नाही, पण समजा—"

"समजा काय? तिने भुकेलं राहायचं का तुझ्या समजासाठी?"

तो उठला. जाताना पुस्तकांची चळत सारखी केली, मग परत येऊन वरच्या पुस्तकाची धूळ शर्टाने पुसली.

"आल्याच तर बसव त्यांना," तो म्हणाला. "मी धावत येतो."

"अरे जा बाबा."

तो गेला. मी शाल्मलीला मांडीवर घेऊन हलवत बसले. समोरून आठ हातांची एक देवी की राक्षसीण गेली, तिच्या मागून तिचा बाप, तिची पाण्याची बाटली घेऊन. पलीकडे कोणी भलामोठा कापडी अजगर आणला होता, आत शिरून चालवणारी पाचसहा मुलं, त्याच्याबरोबर फोटो काढायला झुंबड उडाली होती.

तीनला वीस मिनिटं कमी होती तेव्हा बाई आल्या.

मी लगेच ओळखलं. सौमित्रने मला त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो इतक्या वेळा दाखवला होता की त्यांच्या भुवया मला पाठ होत्या. पासष्टीच्या. साडी आणि पायात पळायचे बूट. चष्मा डोक्यावर चढवलेला, कागदी पट्टा घड्याळाच्या वरून बांधलेला. भोवतालच्या थर्माकोलमध्ये हे एकच माणूस माणसासारखं दिसत होतं. त्यांनी ओळख करून दिली नाही. आधी टेबलाचा नंबर बघितला, मग हातातल्या कागदावर बघितला, मग चष्मा खाली ओढला आणि पुस्तक उचललं.

डावीकडून उघडलं.

माझं तोंड उघडलं होतं. सवयीने. शब्द जिभेवर होता.

मी तोंड मिटलं.

ते पुस्तक मला पानन् पान येत होतं. आयुष्यात मी दुसरं कुठलं पुस्तक इतकं उलटसुलट पाहिलं नव्हतं. बाईंनी उघडलं ते शेवटचं पान. डोंगरातल्या दगडातून पाणी पाझरतंय, मुलगी ओंजळ धरून बसलीय आणि रडतेय. ज्याने साठ पानं तिच्याबरोबर चाललेली असतात त्याला ती का रडते ते कळतं. बाईंच्या दृष्टीने एक अनोळखी मुलगी दगडासमोर बसून रडत होती. का, देव जाणे.

त्यांनी पान उलटलं. दोन धनगर बायका मुलीला वाट दाखवतात ते पान. त्यात मुलगी विचारते, बाया सांगतात, मुलगी हसते. बाईंच्या बाजूने मुलगी आधी हसली, मग बायांनी सांगितलं, मग मुलीने विचारलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या परत वर गेल्या, बोट लावून वाचलं, पुन्हा खाली आल्या.

मी शाल्मलीची टोपी सारखी केली. ती सारखीच होती.

बाई वाचत राहिल्या. भराभरा चाळून ठेवून द्यायला हवं होतं त्यांनी. बाकी सगळे तेच करत होते. पण ह्या एकेक चौकट बघत होत्या, उभ्या उभ्या, मागून धक्के खात. एका म्हशीच्या चित्रापाशी हसल्या. पावसातल्या पुलाचं चित्र होतं तिथे चष्मा काढून पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. मला त्यांचा राग यायला लागला. एवढं कळतं तर हेही कळावं की.

"हा म्हातारा कोण हो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"आजोबा. तिचे."

"ते मेलेत ना?"

"हो."

"मग पुढे परत होडीत कसे बसलेत?" त्या अर्ध्यावर आल्या होत्या. त्यांनी मागची दोन पानं पुन्हा बघितली. "आणि ही माणसं बोलतात ना, त्यात आधी उत्तर येतंय आणि मग प्रश्न. माझंच काही चुकतंय का? मी ह्या प्रकारातली नाही, आमच्याकडे सरळ पुस्तकं. चुकीचं वाचतेय का मी?"

शेजारी शर्वरी कोणाला तरी सुटे देत होती. तिचा हात थांबला. निळं डोकं माझ्याकडे वळलं. दोन दिवसांत मी तो शब्द किती वेळा उच्चारला हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "ते असंच आहे. मुद्दाम."

"मुद्दाम," बाई म्हणाल्या. खारट भाजीचा घास तोंडात यावा आणि समोर यजमानीण बसलेली असावी, तसं. पुस्तक मिटून त्यांनी चळतीवर ठेवलं, कडा जुळवून. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"मिसेस."

"बाळ किती महिन्यांचं?"

"आठ."

"नाव काय हिचं?"

"शाल्मली."

"वा." त्यांनी तिच्या गालाला हात लावला नाही, लांबूनच बोटं हलवली. अशी माणसं मला फार आवडतात. "मी कारखानीस. चारची वेळ दिली होती, पण गाडीमुळे आधीच आले. त्यांना सांगा, मला थांबायला नाही जमलं. मोघम बोलून ताटकळत ठेवत नाही कुणाला, म्हणून तुम्हालाच सांगते. हात सुंदर आहे त्यांचा. खरंच सुंदर. पण गोष्ट सांगता येत नाही. आमचं घराणं गोष्टीचं. नाही जमायचं."

"सांगते," मी म्हटलं.

"वाईट वाटून घेऊ नका म्हणावं."

त्या वळल्या. वळल्या, पण गेल्या नाहीत. अजगराभोवतीच्या झुंबडीने वाट अडवली होती. माझ्यापासून पाच पावलांवर त्या पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या आणि फोटो संपायची वाट बघायला लागल्या. अजगराच्या आतली मुलं आधी हसून, मग शेपूट वळवून, मग सगळ्यांनी जिभा काढून फोटो काढत होती. मला वाटतं पूर्ण मिनिटभर. हाक मारायचीही गरज नव्हती, नुसतं "अहो" म्हटलं असतं तरी त्यांनी मागे बघितलं असतं.

शाल्मली माझं बोट चोखत होती. हिरड्या शिवशिवत होत्या तिच्या. मी तिच्याकडे बघत राहिले. वर बघितलं तेव्हा अजगर पुढे सरकला होता आणि तिथे दुसरीच कोणी उभी होती.

"ताई," शर्वरी म्हणाली.

"काय?"

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही."

"काय सांगितलं नाही?"

"उजवीकडून."

"सांगितलं मी. तुझं लक्ष नव्हतं."

"बरं," ती म्हणाली, आणि रंगाप्रमाणे आधीच लावलेली स्टिकरं पुन्हा रंगाप्रमाणे लावायला लागली.

सौमित्र तीन वाजून गेल्यावर आला. हातात चहावाल्याचा स्टीलचा पेला, त्यावर रुमाल झाकलेला. खाण्याच्या स्टॉलवाल्यांनी म्हणे नुसतं पाणी गरम करून द्यायला नकार दिला. मग तो हायवेपर्यंत चालत गेला, टपरीवर पाणी उकळून घेतलं आणि पेला परत आणून द्यायचं कबूल करून निघाला. एवढ्या गर्दीतून, तलवारी आणि पंख चुकवत, भरलेला पेला. मनगट लाल झालं होतं.

"सांडलं थोडं," तो म्हणाला. "पुरेल ना? कोणी आलं होतं?"

"आल्या होत्या."

"कोण?" मग त्याचा चेहरा बदलला. "मंजू, कोण? त्या? कुठे आहेत?"

"गेल्या. गाडी होती त्यांना."

तो तसाच उभा राहिला, पेला हातात धरून. भाजत असणार.

"तो पेला ठेव आधी," मी म्हटलं.

त्याने ठेवला. "वाचलं का त्यांनी?"

"अर्धं. उभ्यानेच."

"अर्धं?" तो एकदम खूश झाला. "अर्धं म्हणजे पुष्कळ झालं गं! मग? काय म्हणाल्या?"

"हात सुंदर आहे म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या."

"आणि?"

"गोष्ट कळत नाही. नाही जमायचं."

मागे कुठेतरी वेशभूषेच्या स्पर्धेचा निकाल लागला, शिट्ट्या झाल्या. सौमित्रने खुर्ची ओढली, पण बसला नाही.

"तू सांगितलंस ना त्यांना? उजवीकडून?"

"अरे, दोन दिवस मी दुसरं काय सांगतेय?"

शर्वरीचे हात पुन्हा थांबले. सौमित्रची तिच्याकडे पाठ होती.

"हो," तो म्हणाला. "तेही खरंच."

मी तयारीत होते. आता तो प्रकाशकांना शिव्या देईल, म्हाताऱ्या बायकांना चित्रातलं काय कळतं म्हणेल, मराठी वाचकाची लायकी काढेल. हे सगळं मी दोन वर्षं ऐकलं होतं आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. चांगली धारदार उत्तरं. कव्हरवर नाव नसलेल्या पुस्तकाबद्दल होती, त्याच्या चहाबाज मित्रांबद्दल होती, नदीबद्दल तर कितीतरी होती.

त्याने पिशवीतून वाटी काढली. सत्त्व घातलं, पाणी ओतलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून चमच्याने कडेकडेने घोटलं. मग चमच्यातला थेंब त्या लाल झालेल्या मनगटावर टाकून बघितला.

"नीट वाचूनही कळत नसेल तर गोष्टच कच्ची असणार," तो म्हणाला. "मला वाटायचंच कधी कधी. तुला नाही वाटायचं?"

मी शाल्मलीच्या हनुवटीवरची लाळ पुसली.

"वाटायचं तुला. तू बोलली नाहीस फक्त." त्याने शाल्मलीला माझ्याकडून घेतलं, गळ्याला रुमाल बांधला. "आ कर. आऽऽ. शहाणं बाळ. बरं झालं मंजू, तू होतीस ते. मी असतो तर मला त्यांच्याशी धड बोलता आलं नसतं. वाटलं असतं की माझ्या बोलण्यानेच घोटाळा झाला. आता निदान ती शंका नाही राहिली."

संध्याकाळी सहाला सभागृह बंद होण्याआधी चित्रकारांच्या गल्लीत एक रीत असते, ती मला तेव्हाच कळली. उरलेला माल बांधायच्या आधी सगळे एकमेकांच्या टेबलांवर जातात आणि अदलाबदल करतात. माझं पुस्तक तू घे, तुझं चित्र मला दे. ज्याची वस्तू सगळ्यांना हवी असते त्याचं टेबल रिकामं होतं. आमच्याकडे चारजण आले. दोघांनी पुस्तक डावीकडून चाळलं. सौमित्रने आनंदाने दिलं, आणि पहिल्यांदाच स्वतः सांगितलं, "उजवीकडून हं."

शेवटी शर्वरी आली. विग काढलेला, तेल लावून चापूनचोपून बांधलेले केस. अगदी साताऱ्याची दिसत होती. मांजरांचा एक सबंध कागद तिने शाल्मलीसाठी पुढे केला.

"मला तुमचं पुस्तक द्या, दादा. मी कालच वाचलं, इथे उभं राहून. पण मला घरी हवंय."

"वाचलंस? सगळं?"

"सगळं. ती शेवटी ओंजळ धरते ना, तिथे मला रडू आलं. लायनर पसरलं माझं, लोकांना वाटलं तसाच मेकअप आहे."

सौमित्र हसला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "तुला कळली गोष्ट?"

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "ताईंनी सांगितलं होतं ना, कुठून सुरू करायचं ते."

तो कागद माझ्या हातात होता. मी म्हटलं, "थँक्यू." ती म्हणाली, "असू दे, ताई." आणि पुस्तक छातीशी धरून आपल्या टेबलाकडे गेली.

बाहेर पार्किंगमध्ये आमच्या तीन पेट्या, झोळी, घडीच्या खुर्च्या असं सगळं मांडून मी उभी होते. सौमित्र पेला परत द्यायला टपरीवर जाऊन आला होता. आता शाल्मली त्याच्या एका खांद्यावर झोपली होती आणि दुसऱ्या खांद्याने त्याने फोन कानाशी दाबून धरला होता. सोमवारपर्यंत तरी थांबायचं, मी म्हटलं होतं. तो म्हणाला, उद्यासाठी कशाला ठेवायचं.

"नमस्कार सर. सौमित्र बोलतोय, चित्रकलेच्या जागेसाठी... हो सर. येतोय. नक्की." मग बराच वेळ तो नुसता हं हं करत होता. शाळेचे मुख्याध्यापक बोलके गृहस्थ असावेत. मला वाटलं, आता हा वर्गातल्या प्रकाशाबद्दल विचारणार, नाहीतर रंग कुठले मिळतील ते.

"सर, एकच विचारायचं होतं. लहान बाळ आहे आमचं. तिथे दवाखाना किती लांब आहे? नाही, म्हणजे समजा मी वर्गात असलो आणि मिसेसला एकटीलाच जायची वेळ आली तर... हो. हो. आणि मला वर्गातून कोणी बोलवायला येऊ शकेल ना? फोन कधी कधी लागत नाही माझा."

हायवेवरून गाड्या जात होत्या. एका गाडीच्या खिडकीतून एक भलामोठा पंख बाहेर आला होता आणि वाऱ्याने फडफडत होता.

त्याने फोन खिशात टाकला.

"पाच मिनिटांवर आहे," तो मला म्हणाला. "चालत."

मी म्हटलं, "आधी रिक्षा बघ."